मुले कोठून येणार?

दानाच्या काही रीती अशा असतात, की त्यांच्याविषयी शंका काढणारा माणूसच निष्ठुर ठरतो. आफ्रिकेतील एखाद्या खेड्यात अनाथ मुलांसाठी आश्रम काढणे ही अशीच एक रीत आहे. तिची नुसती वार्ता कानी आली तरी ऐकणाऱ्याचे मन विरघळते, हात खिशाकडे जातो आणि हिशेब विचारणे कद्रूपणाचे वाटू लागते. आम्ही हा कद्रूपणा करण्याचे ठरविले आहे. राज्य शासनाच्या सेवेतील आमची बरीच वर्षे बालगृहे, वसतिगृहे आणि निराश्रित सदने यांच्या तपासणीत गेली. तेव्हा या विषयात भाषणांपेक्षा हजेरीपटावर आमचा विश्वास अधिक आहे, हे वाचकांनी आरंभीच समजून घ्यावे.

निमित्त असे. इंदुरातील एका जुन्या मराठी ख्रिस्ती कुटुंबाशी आमचा दोन पिढ्यांचा घरोबा. त्या घरची कन्या व जावई पुष्कळ वर्षांपासून कॅनडात स्थायिक आहेत. तेथील आपल्या मंडळीच्या साहाय्याने युगांडात, जिंजा शहरापासून थोड्या अंतरावरील एका खेड्यात, चाळीस मुलांचे ख्रिस्ती बालगृह काढण्याची सिद्धता त्यांनी चालविली आहे. योजनेचे टाचण त्यांनी आमच्याकडे अभिप्रायासाठी पाठविले. टाचण नेटके आहे. जमीन, कुंपण, बोअरवेल, सौरदिवे, मुलांची व मुलींची स्वतंत्र दालने, चाळीस खाटा, प्रार्थनागृह, दोन गाई, भाजीचा मळा, 'घरची आई' म्हणून नेमावयाच्या स्त्रिया, सुट्टीत कॅनडाहून येणाऱ्या स्वयंसेवकांसाठी दोन खोल्या, देणगीदारांना दर तीन महिन्यांनी जाणारे सचित्र वार्तापत्र, असे सर्व काही त्यात आहे. गाईंच्या चाऱ्याचाही विचार केलेला आहे. फक्त ही चाळीस मुले कोठून येणार, याचा विचार नाही. त्या बाबतीत एकच वाक्य आहे: परिसरात अनाथ मुले पुष्कळ आहेत.

हे बालगृह काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते त्यांना आम्ही पत्राने कळविले आहेच. येथे पुन्हा लिहितो ते यासाठी, की अशा योजनांना आता आपल्याही लोकांचा पैसा जाऊ लागला आहे. परदेशी गेलेली आपली मुले-सुना तेथील शेजाऱ्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या भिडेने एखाद्या आफ्रिकन मुलाचे 'पालकत्व' घेतात, त्याचे छायाचित्र फ्रिजवर लावतात आणि सुट्टीत इकडे आली की आपणांस कौतुकाने सांगतात. शिवाय जिंजा हे नाव आपल्याला अगदीच परके नाही. व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल नदी बाहेर पडते ते हे ठिकाण. १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचा काही अंश तेथे प्रवाहात सोडण्यात आला. वडोदऱ्याच्या वाचकांना जिंजाजवळचा काकिरा येथील माधवानींचा साखर कारखानाही ठाऊक असेल.

एक गैरसमज प्रथमच दूर केलेला बरा. आमचा रोख धर्मांतरावर असणार, असे आमच्या काही वाचकांना वाटेल आणि त्यांतील काहींना तसे वाटून बरेही वाटेल. त्यांची निराशा करणे भाग आहे. युगांडात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी पाऊल ठेवले १८७७ साली, आणि आज त्या देशातील शंभरातील ऐंशीहून अधिक माणसे ख्रिस्ती आहेत. ज्या मुलांसाठी हे प्रार्थनागृह बांधावयाचे, त्यांतील बहुतेकांची आजी दर रविवारी स्वतःच्या पायांनी चालत चर्चला जाते. बाटविण्याचा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. याच टाचणातील प्रार्थनागृह काढून तेथे मंदिर घातले आणि जिंजाऐवजी आपल्याकडचा एखादा आदिवासी जिल्हा घातला, तरी आमच्या आक्षेपातील एक अक्षरही बदलावे लागणार नाही.

आता मुख्य मुद्दा, 'अनाथ' या शब्दाचा. मराठीत अनाथ म्हणजे ज्याला नाथ नाही, ज्याचे कोणी नाही, तो. इंग्रजी अहवालांतील ज्या शब्दाचे आपण 'अनाथ' असे भाषांतर करतो त्याचा अर्थ निराळा आहे. युनिसेफच्या व्याख्येप्रमाणे आई किंवा बाप यांपैकी एक जरी गेला तरी ते मूल त्या गणनेत येते. २०१५ साली या गणनेने जगात सुमारे १४ कोटी मुले भरली, त्यांतील ५ कोटींहून अधिक आफ्रिकेत. परंतु आई व बाप दोघेही गेलेली मुले त्या १४ कोटींत होती १ कोटी ५१ लाख. म्हणजे दहांपैकी जवळजवळ नऊ मुलांचा एक पालक हयात होता. राहिलेल्या मुलांनाही आजी, काका, मावशी, थोरला भाऊ नव्हतेच असे मुळीच नाही. हा भेद युनिसेफने लपविलेला नाही. तो उघड छापलेला आहे. वार्तापत्र काढणाऱ्यांच्या हाती मात्र १४ कोटींचा आकडाच तेवढा लागतो.

या व्याख्येने पाहू गेल्यास गोपाळ कृष्ण गोखलेही अनाथच ठरतात. १८७९ साली वडील वारले तेव्हा त्यांचे वय तेरा. घरात विधवा आई होती आणि थोरला भाऊ गोविंद होता. गोविंदरावांनी शिक्षण सोडून कागल संस्थानात पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये दरमहा कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठविले. त्या घराची निकड होती ती त्या दरमहा आठ रुपयांची. कोणी परोपकारी गृहस्थ त्या वेळी गोपाळला उचलून आश्रमात नेता, तर आईच्या पदरी काय उरले असते?

बालगृहाची खाट कशी भरते, ते आम्ही जवळून पाहिले आहे. आमच्या सेवेच्या मध्यावर मध्य प्रदेशाच्या पश्चिमेकडील एका आदिवासी जिल्ह्यात आमची नेमणूक होती. तेथील एका बालगृहाच्या नोंदवहीत पुष्कळ मुलांपुढे 'अनाथ' असा शेरा होता, आणि त्या शेऱ्यावर अनुदान मिळत होते. होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरियाचे बाजार भरतात. त्या दिवसांत आम्ही तपासणीस गेलो, तर निम्म्याहून अधिक खाटा रिकाम्या. अधीक्षकांनी फार सरळपणे सांगितले, "साहेब, मुले घरी गेलीत, भगोरियाला." कोणाच्या घरी? "आईबापांच्या." त्यांना त्यात विसंगती अशी काही वाटलीच नाही. मुलांचे आईबाप दुष्ट नव्हते आणि अधीक्षकही लबाड नव्हते. बापाने एवढेच पाहिले होते, की तेथे दोन वेळचे जेवण आहे, शाळा आहे, गणवेश आहे. आणि तेथे जाण्याची अट म्हणजे वहीतील एक शब्द.

युगांडातील बापही हेच पाहतो. तेथे प्राथमिक शिक्षण १९९७ पासून नि:शुल्क झाले, पण गणवेश, वह्या, दुपारचे जेवण, परीक्षेचे पैसे हा भार घरावरच राहिला, आणि माध्यमिक शाळेची फी तर गरीब शेतकऱ्याचे कंबरडे मोडणारी. बुसोगा या जिंजाच्या परिसरात शेतकऱ्याजवळ जमीन थोडी आणि मुले फार. त्याच्या वेशीवर पक्की इमारत उभी राहते. आत वीज, पाणी, इंग्रजी बोलणारे पाहुणे आणि तीन वेळचे जेवण. पाच मुलांतील एक तेथे लागले तर ते शिकेल आणि पुढे बाकीच्यांना हात देईल, हा त्याचा हिशेब. गावचा वडीलधारी मुले सुचवितो, ओळखीचा पाद्री शिफारस करतो. चाळीस खाटा भरावयाला चाळीस दिवसही लागत नाहीत. सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेने २००९ च्या अहवालात लिहून ठेवले, की जगभरच्या बालसंस्थांतील दर पाच मुलांपैकी निदान चौघांचा आई वा बाप जिवंत असतो. हे वाचून आम्हांस नवल वाटले नाही, भगोरिया आठवला.

युगांडाचाच इतिहास पाहावा. एड्सच्या साथीने त्या देशाची जी वाताहत झाली, ती १९८० व १९९० च्या दशकांत. त्या काळी आश्रम थोडे होते, कारण मुलांना आज्यांनी सांभाळले. एकेका म्हातारीने सहा-सहा, आठ-आठ नातवंडे सांभाळली. पुढे २००३-०४ पासून विषाणूला आवर घालणारी औषधे पोचू लागली आणि मृत्यू उतरणीस लागले. जगभराचा हिशेब घेतला तर २००४ च्या मानाने ते आज निम्म्याहूनही कमी आहेत. आणि नेमक्या याच काळात युगांडातील बालगृहे वाढत गेली. १९९० च्या दशकाच्या आरंभी काही डझन असलेली त्यांची संख्या दोन दशकांत शेकड्यांवर गेली, त्यांतील मुले पन्नास हजारांच्या घरात गेल्याचे अंदाज निघाले, आणि त्यांतील बहुसंख्य गृहे सरकारी मान्यतेवाचून चालत. साथ ओसरत असताना अनाथ वाढतात कसे? विमानतळापासून गाडीने सहज पोचता येईल अशा जागी ते अधिक का सापडतात? आमच्या खात्यात असा तक्ता कोणी पुढे केला असता, तर आम्ही पहिल्या पानावरच लाल शाईने प्रश्नचिन्ह काढले असते.

याचा शेवट कोठवर जातो त्याची उदाहरणे जगजाहीर आहेत. मॅडोना या गायिकेने २००६ साली मलावीतील मचिंजी येथील ज्या आश्रमातून मूल घेतले, त्या मुलाचा शेतकरी बाप हयात होता. आई बाळंतपणानंतर गेली, मूल जगावे म्हणून त्याने ते आश्रमात ठेवले होते. २०२० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने युगांडातील चार व्यक्तींवर निर्बंध लादले, त्यांत दोन न्यायाधीश होते. दूरच्या खेड्यांतील आईबापांना मुले कंपाल्यात शिकतील असे सांगून आणावयाची, आश्रमात ठेवावयाची, अनाथ दाखवून अमेरिकेत दत्तक पाठवावयाची, असा तो आरोप होता. खुद्द जिंजात एका विशीतल्या अमेरिकन तरुणीने, वैद्यकीय शिक्षण नसताना, २००९ साली कुपोषित मुलांसाठी संस्था काढली. २०१० ते २०१५ या काळात तेथे ९४० मुले दाखल झाली, त्यांतील १०५ दगावली. दोन मातांनी न्यायालयात दाद मागितली. २०२० मध्ये दोष मान्य न करता तडजोड झाली. या तरुणीचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. चांगल्या हेतूला त्या भूमीत कोणी परवाना विचारत नाही, एवढेच त्यातून दिसते. आणि ज्या गावाजवळ हे घडले, त्याच गावाजवळ आणखी एक बालगृह काढताना टाचणात त्याचा उल्लेखही असू नये, हे आम्हांस खटकले.

आमच्या स्नेह्यांचे म्हणणे, की आमचे घर तसे होणार नाही. तेथे प्रेम असेल. असेल, यात आम्हांस शंका नाही. पण पगारी 'आई' आठ तासांनी बदलते, नोकरी सोडते, लग्न करून जाते. पाहुणे स्वयंसेवक पंधरा दिवस कडेवर घेतात आणि विमानात बसतात. मूल पुढच्या पंधरवड्याच्या पाहुण्याकडे हात पसरते, आणि पाहुण्यांना ते 'किती मायाळू' वाटते. रुमानियात बुखारेस्ट येथे २००० नंतर शास्त्रज्ञांनी संस्थांतील १३६ तान्ह्या व लहान मुलांचा अभ्यास केला. त्यांतील निम्मी चिठ्ठ्या टाकून पालक कुटुंबांत दिली, निम्मी नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कुटुंबांत गेलेल्या मुलांची बुद्धी उघड अधिक वाढली, आणि जितक्या लहान वयात मूल कुटुंबात गेले तितका लाभ अधिक. उलट बाजूने हेही सांगितले पाहिजे, की रुमानियातील त्या संस्था फारच वाईट होत्या. सगळ्याच संस्था तशा नसतात. तरीही आई ही नेमणुकीने भरावयाची जागा नव्हे, हे कळावयाला प्रयोगशाळेची गरज कशाला पडावी?

शिवाय आफ्रिकेतील नात्यांची वीण आपल्याहून विरळ आहे, असा जो एक समज आपल्याकडे आहे, तो अज्ञानाचा आहे. युगांडातील गांडा समाजात बापाच्या बहिणीला 'सेंगा' म्हणतात. भाची वयात आली की तिला संसाराच्या चार गोष्टी सांगावयाच्या त्या या आत्याने, आईने नव्हे. आजी-आजोबांना 'जाजा' म्हणतात. प्रत्येक मूल बापाच्या कुळाचे. कुळाचे एक चिन्ह असते, एखादा प्राणी, मासा वा कंद. त्या कुळात आपसांत विवाह होत नाही आणि कुळाचा तो प्राणी खाल्ला जात नाही. बुसोगातही कुळे आहेतच. आपल्यातील जुन्या वाचकांना गोत्र आणि देवक आठवावे, इतके हे जवळचे आहे. आता आश्रमात वाढलेले मूल अठरा वर्षांचे होऊन बाहेर पडते, तेव्हा त्याला इंग्रजी प्रार्थना येतात, पण आपली सेंगा कोण आणि आपले कुळ कोणते हे ठाऊक नसते. बापाच्या जमिनीचा तुकडा एव्हाना चुलत्यांनी वहिवाटीला घेतलेला असतो. गैरहजर वारसाचे आपल्याकडे जे होते, तेच तेथे होते. खरा अनाथ तयार होतो तो त्या दिवशी.

आमच्या टाचणकर्त्यांनी प्रेरणास्थान म्हणून जॉर्ज म्यूलर यांचे नाव दिले आहे. ते साहजिक आहे. ब्रिस्टल येथे म्यूलर यांनी १८३६ साली पहिले अनाथगृह उघडले. पुढे ॲशली डाऊनच्या टेकडीवर पाच भव्य इमारती झाल्या, एका वेळी दोन हजारांवर मुले राहिली. कोणापुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या बळावर हे चालावे, असा त्यांचा नेम होता. आपल्या पंडिता रमाबाईंवर त्यांच्या चरित्राचा मोठा प्रभाव पडला आणि केडगावचे मुक्ती सदन काही अंशी त्यातून उभे राहिले. परंतु म्यूलर यांची प्रवेशाची अट टाचणात आलेली नाही. त्यांच्या हयातीत त्या घरांत प्रवेश होता तो आई व बाप दोघेही मृत्यू पावलेल्या मुलांना. एकच पालक गेला असेल तर नाही. हीच अट जिंजाजवळच्या गावात प्रामाणिकपणे लावली, त्यात 'सांभाळणारा नातलग कोणी नाही' एवढी भर घातली, तर चाळीसांतील किती खाटा भरतील? रमाबाईंनीही १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या, त्या भुकेने मोडलेल्या, रस्त्यावर आलेल्या आणि लांडग्यांच्या हाती पडण्याच्या बेतात असलेल्या. त्यांना ज्या घरी परत धाडावे असे घरच शिल्लक नव्हते. त्या प्रसंगी आश्रम हाच धर्म होता. दुष्काळातील उपाय सुकाळात चालविणे, आणि तेही रमाबाईंच्या नावाने, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

म्यूलर यांच्या त्या पाच इमारतींचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. १९५८ पर्यंत त्या रिकाम्या झाल्या. मोठ्या आश्रमात मूल वाढविणे बरे नव्हे, असे इंग्रजांनी आपल्या मुलांपुरते ठरविले. कॅनडातही हेच. आमच्या स्नेह्यांची मंडळी ओंटारिओत आहे. तेथे अशी चाळीस खाटांची इमारत बांधून शेजारच्या गरीब वस्तीतील मुले आणून ठेवू म्हटले, तर त्यांना परवानगी मिळणार नाही. शेजारी पोलिसांना बोलावतील. कॅनडाला या बाबतीत शिकवण फार महाग पडलेली आहे. तेथील आदिवासींची सुमारे दीड लाख मुले शतकाहून अधिक काळ चर्चनी चालविलेल्या निवासी शाळांत सक्तीने ठेवली गेली. २००८ साली पंतप्रधानांनी संसदेत त्याबद्दल क्षमा मागितली आणि सत्यशोधन आयोगाचा अहवाल २०१५ साली आला. तेथे सक्ती होती, येथे नाही. तुलना ताणू नये. परंतु जी व्यवस्था आपल्या शेजाऱ्याच्या मुलाला आपण लावणार नाही, ती दहा हजार किलोमीटरवरच्या मुलाला लावताना एवढी घाई कशाची?

पैशाचे म्हणाल तर तेथेही आश्रम हरतो. युगांडाच्या सीमेलगत टांझानियाचा कागेरा विभाग आहे. एड्सचा पहिला तडाखा बसला त्यांपैकी तो एक. जागतिक बँकेने १९९० च्या दशकात तेथील हिशेब मांडला: आश्रमातील एका मुलाचा वार्षिक खर्च १,००० डॉलरहून अधिक, पालक कुटुंबात ठेवलेल्या मुलाच्या जवळजवळ सहापट. यात गूढ काही नाही. कुंपण, पहारेकरी, गाडी, जनित्र, लेखापाल आणि पाहुण्यांच्या खोल्या यांना काही भूक लागत नाही, पण त्यांचे जेवण मुलांच्या आधी होते. चाळीस मुलांच्या आश्रमाच्या खर्चात दोनशेहून अधिक मुले आपापल्या आजीच्या झोपडीत शिकू शकतात. केनियाच्या सरकारने २००४ साली नेमके हे सुरू केले: अनाथ व दुर्बल मुले सांभाळणाऱ्या कुटुंबाला दरमहा रोख रक्कम. आरंभी ५०० कुटुंबे होती. पुढे ती लाखांवर गेली आणि रक्कम दरमहा २,००० शिलिंगपर्यंत आली. रक्कम मोठी नव्हे. गोविंदराव गोखल्यांचे आठ रुपयेही मोठे नव्हते.

आमच्या स्नेह्यांना बायबलचा आधार अधिक रुचेल, म्हणून तेथेच जाऊ. याकोबाच्या पत्रात अनाथ आणि विधवा यांची नावे जोडीने येतात, आणि सांगितले आहे ते त्यांच्या विपत्तीत त्यांच्याकडे जाण्याविषयी. अनाथाला आणावे आणि विधवेला मागे ठेवावे, असे तेथे नाही. नदीकाठच्या लव्हाळ्यात मिळालेल्या मोशेचे तर उदाहरणच घ्या. फारोच्या कन्येने त्या तान्ह्याला दूध पाजण्यासाठी दाई ठेवली, तिला वेतन दिले; आणि ती दाई म्हणजे त्याची सख्खी आई होती. मुलाच्या आईलाच पैसा देऊन मूल तिच्याच मांडीवर वाढू देण्याची ही जगातील फार जुनी नोंद असावी. कॅनडाच्या मंडळीत यावर प्रवचन झालेले आमच्या ऐकिवात नाही.

"पण ज्यांचे खरोखरच कोणी नाही, त्यांचे काय?" असा प्रश्न उरतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. अशी मुले आहेत. टाकून दिलेली तान्ही आहेत, अपंग म्हणून घराने नाकारलेली आहेत, मार खाऊन पळालेली आहेत. घर म्हणजे नेहमीच माया, असे आम्हीही मानीत नाही. चुलत्याच्या घरी गुरे राखून कष्टणारी पोरकी मुले आपल्या गावांतूनही काय थोडी पाहिली? अशा मुलांना काही दिवस, काही महिने सुरक्षित निवारा लागतो. पण त्याची वाट युगांडाच्या कायद्यात आखलेली आहे: जिल्ह्याचा परिवीक्षा व समाजकल्याण अधिकारी चौकशी करतो, नातलगांचा शोध घेतो, न्यायालयाचा आदेश होतो, मग मूल मान्यताप्राप्त गृहात येते. २०१३ ची नियमावली तेच सांगते. आमच्या हाती आलेल्या टाचणात जिल्ह्याच्या या अधिकाऱ्याचा उल्लेख एकदाच आहे, उद्घाटनाच्या पाहुण्यांच्या यादीत. हा मनुष्य बहुधा एका मोटारसायकलवर सबंध जिल्हा फिरतो आणि पेट्रोलला पैसे नाहीत म्हणून अर्धा महिना कचेरीत बसतो, हे आम्ही न पाहताही सांगू शकतो. आमच्याकडे जीप होती आणि तरी आम्ही बसत होतो. मंडळीने त्याच्या पेट्रोलचा आणि दोन शिकलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांचा पाच वर्षांचा खर्च उचलला, तर कितीतरी मुलांचे मामा, मावश्या, आज्या सापडतील. आणखी एक: २०२५ च्या आरंभी अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी गोठविली आणि विषाणूवरील औषधांच्या वाटपात अनेक ठिकाणी खंड पडला. अनाथांची काळजी असणाऱ्याने आज त्या गावच्या दवाखान्यात जाऊन आयांच्या गोळ्या कोठवर पुरतील, हे आधी विचारावे.

शेजारची राष्ट्रे वळली आहेत. केनियाने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबविली, आणि २०२२ साली नवा बालकायदा व दहा वर्षांचे धोरण आणून मुले टप्प्याटप्प्याने कुटुंबांत परत नेण्याचे ठरविले. रवांडाचे तर विशेष. १९९४ च्या नरसंहारात ज्या देशात लक्षावधी माणसे मारली गेली, तेथे आश्रमांना कोण नाव ठेवणार? तरी त्या सरकारने २०१२ च्या सुमारास मोजणी केली. ३३ संस्थांत ३,३२३ मुले व तरुण निघाले, आणि त्यांतील बहुतेकांचे नातलग सापडण्यासारखे होते. त्यांनी नवी इमारत बांधली नाही. कार्यकर्ते शिकविले, एकेका मुलाचे घर शोधले, आणि ज्यांचे कोणी सापडेना त्यांच्यासाठी गावोगावी पालक कुटुंबे नोंदविली. या कुटुंबांना तेथे 'मलायिका मुरिंझी' म्हणतात, म्हणजे रक्षक देवदूत. मलायिका हा शब्द अरबीतून तिकडे गेला तसा हैदराबादेच्या आपल्या मंडळींना उर्दूतूनही ओळखीचा असेल. ही देवदूत माणसे साधी शेतकरी आहेत, बरीचशी चर्चला जाणारी आहेत. एखादी विधवा असते, जिची मुले मोठी होऊन शहरात गेली. तिच्या घरात एक चटई रिकामी असते आणि संध्याकाळी चुलीजवळ बोलावयाला कोणी हवे असते. गावचा कार्यकर्ता महिन्यातून एकदा येऊन मुलाला, तिच्या अपरोक्ष, विचारून जातो की तू जेवलास का, शाळेत गेलास का, तुला कोणी मारले का. आणि वहीत लिहून ठेवतो.